मलिक अंबरच्या आड लपता येणार नाही

‘गुलामगिरी हे अमेरिकेचं पाप. आपल्याकडे हबशी आला तो वजीर झाला, किल्लेदार झाला, नवाब झाला. आपण कशाला मान खाली घालायची?’ हे मी आजवर पुष्कळांकडून ऐकलं आहे. या वेळी ते आमच्या अण्णांनी म्हटलं. अण्णांच्या शब्दाला आमच्यात वजन आहे, म्हणून हे उत्तर लिहून काढतो आहे.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहणारी आम्ही मराठी माणसं. बहुतेकांचे आजे-पणजे विटा, खानापूर, आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी दक्षिणेत उतरलेले. अशोका रोडवरची दुकानं बंद झाली की अधूनमधून एकत्र बसून काही वाचतो. या खेपेला गुलामीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोचं आत्मचरित्र घेतलं होतं. वाचन संपताना अण्णा म्हणाले की एक तर हा माणूस आफ्रिकेत जन्मलाच नव्हता असं संशोधकच म्हणतात. दुसरं, आपल्या दक्खनेत असलं काही नव्हतं, मलिक अंबर बघा. आणि जे थोडंफार होतं ते इंग्रजांनी बंद केलं. अण्णा, तुमचं वय आणि वाचन माझ्याहून मोठं आहे. तरीही यातला एकही मुद्दा मला मान्य नाही.

इक्वियानोचं आटोपतं घेतो. त्याचं पुस्तक १७८९ साली लंडनमध्ये निघालं आणि त्याच्या हयातीत त्याच्या नऊ आवृत्त्या झाल्या. इग्बो मुलखात जन्म, अकराव्या वर्षी पळवून नेलं जाणं, जहाजाच्या तळातला प्रवास, बार्बाडोस, मग व्हर्जिनिया, असा क्रम तो सांगतो. जहाजावर त्याला मायकेल म्हणत, व्हर्जिनियात जेकब. पास्कल नावाच्या नौदल अधिकाऱ्याने त्याला विकत घेतलं आणि गुस्टाव्हस वासा हे नाव लादलं. इंग्लंडच्या युद्धनौकांवर तो वर्षानुवर्षं राबला, बाप्तिस्मा घेतला, आता आपण मोकळे असं मानून चालला होता. १७६२च्या अखेरीस पास्कलने त्याचा पगार आणि लुटीतला वाटा दाबून त्याला दुसऱ्या कप्तानाला विकलं. मॉन्टसेराट बेटावर रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याच्या ताब्यात असताना एका काचेच्या पेल्याच्या खरेदी-विक्रीपासून सुरुवात करून त्याने ४० पौंड जमवले आणि जुलै १७६६मध्ये स्वतःला विकत घेतलं.

व्हिन्सेंट कॅरेटा या अभ्यासकाला १७५९च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि १७७३च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेच्या हजेरीपटात जन्मस्थान कॅरोलिना असं सापडलं, हे खरं. पण १७५९ साली चर्चच्या वहीत काय लिहायचं हे कोण ठरवत होतं? पोरगेल्या वयाचा गुलाम आणि त्याच्या मालकाच्या नात्यातल्या बायका. पॉल लव्हजॉय यांच्यासारख्या इतिहासकारांनी कॅरेटांना सविस्तर उत्तर दिलं आहे. शिवाय ही शंका नवी नाही. १७९२ साली लंडनच्या वर्तमानपत्रांनी हाच आरोप केला तेव्हा इक्वियानोने माणसांच्या नावानिशी साक्षी काढून पुढच्या आवृत्तीत उत्तर छापलं. आणि समजा, क्षणभर, तो कॅरोलिनात जन्मला. म्हणून जहाजाचा तळ खोटा ठरतो का? तेच वर्णन अलेक्झांडर फाल्कनब्रिज या जहाजावरच्या गोऱ्या डॉक्टरने १७८८ साली स्वतःच्या पुस्तकात केलं आहे. १७८१ साली ‘झाँग’ जहाजावरून सव्वाशेहून जास्त माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी त्यांच्या विम्याची रक्कम मागितली. ती बातमी गुलामीविरोधक ग्रॅनव्हिल शार्प यांच्या दारी जाऊन सांगणारा इक्वियानोच होता. अटलांटिकवर सुमारे १ कोटी २५ लाख माणसं चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधली तफावत कुणा एकाच्या जन्मदाखल्यावर अवलंबून नाही.

आता मलिक अंबर. इथे मला थांबायचं आहे, कारण आपल्या समाधानाचा सगळा डोलारा या एका माणसावर उभा आहे.

इथिओपियात जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. विकला गेला, तांबड्या समुद्राकाठी मोखा बंदरात पुन्हा विकला गेला, बगदादला गेला. तिथे मीर कासिम याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग तो दक्खनेत आणला गेला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः एके काळी विकला गेलेला हबशी. इथपर्यंतची गोष्ट आपण भराभर उरकतो आणि मग सावकाश सांगत बसतो: खडकी शहर, तिथला नहर, जमीनमहसुलाची पद्धत, १६२४ची भातवडीची लढाई, जहांगीर बादशहाचा जळफळाट, १६२६ सालचा मृत्यू, खुलताबादची कबर. हे सगळं खरं आणि थोर आहे. भोसल्यांच्या दोन पिढ्यांनी ज्याच्या हाताखाली युद्ध पाहिलं त्या माणसाबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे.

पण अण्णा, अंबर मोठा झाला तो गुलाम असताना की गुलामीतून सुटल्यावर? १५७४-७५च्या सुमारास चंगीझखान मेला, त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं हा माणूस कधी विजापुरात, कधी अहमदनगरात, पदरी शिपाई जमवत भाड्याने लढत राहिला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि राज्याला धनी उरला नाही, तेव्हा त्याने निजामशाही वारसाला गादीवर बसवून सत्ता हाती घेतली. त्याची कर्तबगारी त्याची स्वतःची, संधी एका कोसळणाऱ्या राज्याने दिलेली. ज्या प्रथेने त्याला मोख्याच्या बाजारात उभं केलं, तिला यातलं श्रेय का द्यायचं?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दक्खनच्या सुलतानांनी एवढ्या लांबून माणसं का आणवली? इथे शिपायांचा तोटा नव्हता. पण इथल्या शिपायाला गाव असतं, भाऊबंद असतात, सोयरीक असते. तो फितूर होऊ शकतो, त्याच्या मागे दहा घरं उभी राहू शकतात. हबशी पोराच्या मागे कुणीच नसे. आई-बाप, भाषा, नाव, सगळ्यांपासून तोडलेला म्हणूनच तो मोलाचा. त्याचं एकटेपण हीच त्याची किंमत होती. तुम्ही ज्याला दक्खनची उदारता म्हणता तिच्या मुळाशी हा हिशेब आहे. वर चढलेल्या एकावरून त्याच्याबरोबर आलेल्या सगळ्यांची स्थिती सांगणं म्हणजे मुशीतून निघालेल्या सोन्याच्या गोळीवरून खाणीतल्या माणसांचं आयुष्य सांगण्यासारखं आहे. पालख्या वाहणारे, घोड्यांची लीद काढणारे, पहिल्या फळीत मरणारे हबशी तवारिखांत नावाने येत नाहीत. आणि हबशी बायका? एकीचं तरी नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल का? जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८पर्यंत टिकलं, तेही आपण अभिमानाने सांगतो. राज्य टिकलं ते मूठभर सरदारांचं.

तवारिखा सोडून बाजाराकडे वळलं की चित्र पालटतं. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेला डच लिन्सखोतेन आणि १६०८ ते १६१० तिथे असलेला फ्रेंच पिरार, दोघांनीही भर रस्त्यात माणसांचा लिलाव पाहिला आणि लिहून ठेवला. मोझांबिकहून येणारी माणसं तिथे घरकामाला, पालखीला, छत्री धरायला विकली जात. त्यातली जी पळाली ती घाट चढून रानात शिरली. हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याच्या जंगलात आजही सिद्दी राहतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, घरात बहुतेक कोकणी बोलणारे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. गोव्यातली गुलामी सौम्य होती असं म्हणणाऱ्याने त्यांचे पूर्वज एवढ्या निबिड रानात का शिरले याचं उत्तर द्यावं.

आणि सगळे गुलाम समुद्रावरूनच आले असंही नाही. पेशवाईतल्या कुणबिणींचे, म्हणजे गुलाम बायकांचे, कागद छापलेले आहेत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीस दिल्या जात, सरकारी कोठीत राबवल्या जात, आणि त्यांच्या मुलांवर मालकाचा हक्क असे. आपण आत्ता राहतो त्या मुलखाचं सांगायचं तर १८०० साली फ्रान्सिस बुकॅनन श्रीरंगपट्टण-म्हैसूरवरून पुढे मलबार आणि कानडा जिल्ह्यात उतरला आणि शेतीवरची माणसं कशी विकली जातात, गहाण पडतात, भाड्याने दिली जातात, हे त्याने अधिकाऱ्याच्या थंडपणाने टिपलं. १६७७ साली जिंजीकडच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली, हे तुम्ही अभिमानाने सांगितलंत. सांगायलाच हवं. त्या काळातल्या राज्यकर्त्याच्या तोंडी ती आज्ञा असामान्य आहे. पण मनाई कशाला करावी लागली? कारण पूर्व किनाऱ्यावरून बटाव्हियाला माणसांची जहाजं भरून जात होती आणि आधीच्या अमलात त्याला मुभा होती. महाराजांना ते पाप इथे, आपल्या किनाऱ्यावर दिसलं.

आता मला सांगायची आहे जेकब वेनराइटची गोष्ट. इक्वियानोचं नाव आपल्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. जेकबचं त्या बैठकीत कुणालाच नव्हतं. तो तर नाशिकला शिकला.

मलावी सरोवराच्या आसपासच्या याओ लोकांतला हा मुलगा. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडून किनाऱ्याकडे नेला, इंग्रज नौदलाच्या गस्ती जहाजाने सोडवला. अशा सोडवलेल्या मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. बरीच मुलं मुंबईत उतरवली गेली आणि त्यातली पुष्कळ चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत गेली. १८५०च्या दशकात वसलेलं ते गाव आता शहराने गिळलं असलं तरी शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या पायाखालचा आहे. तिथे विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली आफ्रिकी मुलं सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन १८६६ साली शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा नाशिकची नऊ मुलं त्यांच्याबरोबर होती. त्यांचा सोबती चुमा हा १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. तो काही काळ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. जेकब गेला १८७२ साली, झांझिबारहून पाठवलेल्या मदतीच्या तुकडीत, नाशिकच्याच आणखी काही जणांबरोबर.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, लिव्हिंगस्टन वारले. तिथे एकही गोरा माणूस नव्हता. पुढचं सगळं या माणसांनी ठरवलं. हृदय आणि आतडी झाडाखाली पुरली, जेकबने इंग्रजीतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला, आणि सुमारे नऊ महिने, दीड हजारांहून अधिक किलोमीटर, खांद्यावर वाहून किनाऱ्यावरच्या बागामोयोला आणला. ऑक्टोबरमध्ये ताबोऱ्याला इंग्रज नौदलाचे लेफ्टनंट कॅमेरॉन भेटले. त्यांनी देह तिथेच पुरावा असं सुचवलं; या मंडळींनी ऐकलं नाही. पुढे एका मुलखातून प्रेत नेऊ देणार नाहीत अशी चिन्हं दिसली, तेव्हा त्यांनी एक खोटं गाठोडं परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे काढला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने यांच्यासाठी पदक पाडलं आणि त्यावर कोरलं, शेवटपर्यंत निष्ठावंत.

माझा आक्षेप या निष्ठेच्या गोष्टीला आहे. आपल्याकडेही ती तशीच सांगितली जाते: थोर साहेब आणि त्याचे इमानी काळे नोकर. ज्यांना लहानपणी विकलं गेलं त्यांनी एका मृत मित्राचं काय करायचं हे स्वतः ठरवलं, इंग्रज अधिकाऱ्याचा सल्ला मोडला, शत्रूच्या मुलखातून युक्तीने वाट काढली. याला निर्णय म्हणतात, नेतृत्व म्हणतात. आणि जेकबने हे सगळं स्वतः लिहून ठेवलं. तो देहाबरोबर साउदॅम्प्टनला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत तो एकटा आफ्रिकी होता. त्याच्या दैनंदिनीचं जर्मन भाषांतर त्याच वर्षी पेटरमान यांच्या भूगोलाच्या नियतकालिकात आलं. लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या रोजनिशीचे संपादक वॉलर यांनी मात्र शेवटचा भाग मुख्यतः चुमा आणि त्याचा सोबती सुसी यांना विचारून लिहिला. जेकबचं लेखन बाजूला राहिलं. ती हस्तलिखित वही आज स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरच्या लिव्हिंगस्टन जन्मस्थान संग्रहालयात आहे. जेकब पुढे पूर्व आफ्रिकेत मिशनऱ्यांचा दुभाषी झाला आणि १८९२ साली उरांबो इथे वारला.

नाशिकची ही पोरं तिथेच संपली नाहीत. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रीरटाउन वसलं ते प्राइस यांनी नेलेल्या नाशिककर आफ्रिकींच्या बळावर. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तिथे पाद्री झाले. जवळच्या रबाईला जोन्स पळून आलेल्या गुलामांना थारा देत. किनाऱ्यावरचे मालक चिडले, वरिष्ठ घाबरले, तरी माणसं येत राहिली. अखेर १८८९च्या आरंभी सुमारे चौदाशे जणांना मोकळीक मिळाल्याचे कागद दिले गेले. मोंबासाच्या इतिहासात यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. आपल्या इतिहासात यांना काहीच म्हणत नाहीत.

अण्णा, तुम्ही म्हणाल, त्यांना पकडणारे अरब, सोडवणारे इंग्रज, यात आपण कुठे? आपण पैशात होतो. झांझिबारची जकात वर्षानुवर्षं ज्या पेढीकडे मक्त्याने होती ती कच्छी भाटिया जयराम शिवजी यांची. सरोवरांकडे जाणाऱ्या तांड्यांना उधारीवर माल देणाऱ्या पेढ्या कच्छी-गुजराती. ते तांडे हस्तिदंत आणि माणसं दोन्ही घेऊन परतत, आणि त्या हस्तिदंताची मोठी बाजारपेठ होती मुंबई. लग्नाच्या चुड्यासाठी कापला जाणारा दात कुणाच्या खांद्यावरून किनाऱ्यावर आला हे मुंबईत कुणी विचारत नव्हतं. झांझिबारमधल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या घरी गुलाम होतेच; १८६०च्या सुमारास कॉन्सल रिग्बी यांनी ब्रिटिश प्रजा या नात्याने त्यांना ते सोडायला भाग पाडलं. हे मराठी माणसाने केलं नाही असं म्हणून मी सुटू पाहणार नाही. मुंबईच्या ज्या भरभराटीवर आपण आपली म्हणून हक्क सांगतो, तिच्या खात्यात हा व्यापारही जमा आहे.

इंग्रजांचं श्रेय मी नाकारत नाही. नौदलाने जहाजं अडवली, बार्टल फ्रीअर यांच्या मोहिमेनंतर जून १८७३च्या तहाने झांझिबारचा बाजार बंद झाला. पण १८३३च्या ज्या कायद्याने इंग्रजी साम्राज्यातली गुलामी संपली म्हणतात, त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. इथे १८४३च्या पाचव्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, आणि माणूस विकणं हा फौजदारी गुन्हा व्हायला १८६०ची दंडसंहिता यावी लागली. साम्राज्यातल्या गुलाममालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली, राबलेल्यांना एक पेनी नाही. गुलाम सुटल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत कुणाला नेलं? कराराच्या कागदावर अंगठा उठवलेल्या आपल्या लोकांना, त्यात कोकणातले मराठीही होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे मराठी म्हणवतात. ज्यांच्या स्वतःच्या रक्ताची माणसं गुलामांनी रिकाम्या केलेल्या चाळींत राहिली, त्यांनी तरी ही गोष्ट परक्यांची म्हणू नये.

‘आमचं वेगळं होतं’ या सबबीला मराठीतच, तेव्हाच, उत्तर दिलं गेलं आहे. जेकब तो देह घेऊन चालत होता त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केलं. फुल्यांनी अमेरिकेकडे बोट दाखवून स्वतःच्या समाजाला सोडलं नाही. तिथली सुटका पाहून त्यांनी इथली बेडी ओळखली. तुम्ही ते पुस्तक माझ्याही आधी वाचलंत, अण्णा, म्हणून तुमच्या तोंडून ही सबब मला जास्त लागली.

पुढच्या बैठकीला मी मलिक अंबरविरुद्ध बोलणार नाही. जेकबची वही पूर्ण, टिपांसह मराठीत यावी, पेशवाईतल्या कुणबिणींच्या कागदांचं एक वाचनीय संकलन निघावं, आणि महाराष्ट्राच्या शाळांत अंबरच्या धड्यात मोख्याच्या बाजारालाही खडकीच्या नहराइतकीच जागा मिळावी, एवढं मागणं मी लिहून आणणार आहे. त्यावर पहिली सही तुमची हवी. नसेल करायची, तर याच मुद्द्यांवर मला लेखी उत्तर द्या. आपण दोन्ही मजकूर एकत्र छापू.